ओनामा आणि परवचा: शिकवणीच्या तासाची दोन टोकं

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. शिकवणीचा तास सुरू कसा करायचा आणि संपवायचा कसा, एवढाच.

इथे इंग्लंडात आपल्यापैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या रूपात मास्तरकी करत असतात. कुणी रविवारचा मराठी वर्ग घेतं, कुणी शेजारच्या मुलांची इलेव्हन प्लसची तयारी करून घेतं, कुणी नागपूरच्या भाचीला व्हिडिओ कॉलवर गणित शिकवतं. तासाचा मधला भाग सगळ्यांना जमतो, कारण आपला विषय आपल्याला येत असतो. घोळ होतो तो दोन्ही टोकांना. पहिली दहा मिनिटं हजेरी, खुर्च्या, हरवलेली पेन्सिल आणि “बरं, मागच्या वेळी कुठे होतो आपण?” यात जातात. शेवटची दहा मिनिटं “अगं बाई, वेळ झाली, उरलेलं घरी करा” यात. समजा रविवारचा वर्ग एक तासाचा आहे आणि सुट्ट्या वगळून वर्षाकाठी तीस रविवार हाती लागतात. म्हणजे तीस तास. त्यातली प्रत्येकी वीस मिनिटं दोन टोकांना सांडली तर वर्षाचे दहा तास गेले. उरलेल्या वीस तासांच्या जोरावर पोराने आजीशी मराठीत बोलावं, अशी आपली अपेक्षा असते. आणि साधारण दहा-अकरा वर्षांचं झालं की ते पोर म्हणतं, मला नाही यायचं उद्यापासून.

म्हणून या दोन टोकांचा इतिहास बघूया. तो वाटतो त्याहून मोठा आहे, आणि त्याचा एक धागा चेन्नईहून निघून लंडनमार्गे मुंबईत परत गेलेला आहे.

सुरुवात शब्दापासून करू. एखाद्या कामाला हात घातला की आपण म्हणतो, श्रीगणेशा केला. किंवा म्हणतो, ओनामा केला. हे दोन्ही शब्द शाळेतून आलेत. ओनामा म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’ची सुरुवात. मुळाक्षरं शिकवण्याआधी मुलाकडून हे म्हणवून घ्यायची रीत होती, आणि तिचं नातं जैन परंपरेशीही जोडलं जातं. मुलांच्या तोंडी त्याचं ओनामासीधं झालं, आणि पुढे शेपूट गळून नुसता ओनामा राहिला. शिकण्याच्या आरंभाला भाषेत दोन-दोन शब्द असावेत, यावरून त्या आरंभाची केवढी मातब्बरी होती ते कळतं.

ती कशी होती याचं एक छान वर्णन सरकारी कागदात सापडतं. १८२२ साली मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी आपल्या इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यातून मागवली. बल्लारीचे कलेक्टर होते कॅम्पबेल. त्यांनी १८२३च्या ऑगस्टमध्ये जे उत्तर पाठवलं ते नुसते आकडे नव्हते, साहेबाने शाळेत डोकावून बघितलेलं दिसतं. जिल्ह्यात ५३३ शाळा. कानडी आणि तेलुगू शाळा अर्थातच सर्वांत जास्त. पण २३ शाळा मराठीच्या होत्या! बल्लारीच्या आसपास घोरपड्यांची सत्ता होऊन गेलेली, दप्तरात मराठी, तेव्हा हे साहजिकच.

मूल पाच वर्षांचं झालं की पंतोजी आणि शाळेतली मुलं त्याच्या घरी जमत. गणपतीची पूजा व्हायची, आणि पंतोजी मुलाचा हात धरून तांदळावर त्याच्या बोटाने अक्षरं गिरवून घ्यायचे. आयुष्यातला पहिला तास मुलाच्या घरात, मुलाच्या माणसांसमोर, आणि मुलाच्या बोटाने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रोजची सुरुवात मात्र वेगळी होती. शाळा सकाळी सहाला भरायची. सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहायचे, तो त्याचा मान. दुसऱ्याच्या हातावर शून्य: शाबासकी नाही, बोलणीही नाहीत. तिसऱ्याला हलकीशी एक छडी. चौथ्याला दोन. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढती. आता हिशोब करा, तीस मुलांची शाळा असेल तर तिसाव्याला अठ्ठावीस. कागदावर तरी. खरोखर एवढ्या मारायला पंतोजींच्या हातात तेवढं बळ असेल असं मला वाटत नाही.

यात एक शहाणपण आहे आणि एक खोट. शहाणपण असं की मूल दारातून आत येतं त्याच क्षणी गुरुजींची नजर त्याच्यावर पडते, प्रत्येकाच्या हाताला गुरुजींचा हात लागतो. आलास, तुला बघितलं, हे त्याला कळतं. खोट अशी की ती नजर फक्त घड्याळ बघते. मूल किती वाजता आलं हे पंतोजींना कळलं. डोक्यात काय घेऊन आलं, कालचं काय राहिलं आणि काय सांडलं, हे कळायची सोय त्या छडीत नव्हती.

ती सोय दिवसाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि आपल्याकडे तिला फार सुंदर नाव आहे: परवचा. आमच्या कार्यक्रमाच्या वयस्क श्रोत्यांना हा शब्द ऐकताच दिव्याचा उजेड दिसला असेल. दिवेलागण झाली, शुभं करोति म्हणून झालं, की पोरांनी ओळीने मांडी घालून बसायचं आणि पाढे सुरू. दोनाचा, तिनाचा, तिसापर्यंत. मग अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावाचा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतिनाचा. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पायलीचा बाजार, तिथे औटकी ज्याला तोंडपाठ तो वाण्याकडे फसायचा नाही. त्यानंतर मराठी महिने, तिथी, सत्तावीस नक्षत्रं, आणि उत्साह असेल तर साठ संवत्सरं. ऐकायला आजोबा किंवा आजी. आजीला लिहिता-वाचता येत नसलं तरी तेरा साते चुकलं की तिला बरोब्बर कळायचं, कारण ताल चुकायचा.

परवच्याला आपण पुढे फार नावं ठेवली. घोकंपट्टी म्हटलं. अर्थ न कळता बडबड, म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं, नक्षत्रांची नावं म्हणणाऱ्या किती मुलांनी मान वर करून एखादं नक्षत्र बघितलं असेल? पण त्या टीकेत परवच्याची बांधणी आपल्या नजरेतून निसटली. दिवसाच्या शेवटी शिकवणारा गप्प बसतो. पुस्तक मिटलेलं असतं. मूल स्वतःच्या डोक्यातून काढून बोलतं, आणि ते ऐकायला घरातलं माणूस असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत काय, ते आपल्याला बऱ्याच उशिरा कळलं. त्याकडे येते.

त्याआधी तो चेन्नईचा धागा. १७८९ साली मद्रासजवळ एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती, आणि तिचे प्रमुख होते अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश धर्मगुरू. जवळच्या एका मलबारी शाळेत त्यांनी मुलांना वाळू पसरून तिच्यात बोटाने अक्षरं काढताना बघितलं. आपली धूळपाटीच ती. बेलसाहेबांना ती कल्पना भलतीच आवडली, पण त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी हे असलं काही करायला नकार दिला. तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका हुशार मुलालाच लहान मुलांना शिकवायला बसवलं. वाळू, आणि मोठ्या मुलाने लहानाला शिकवणं. दोन्ही गोष्टी आपल्या गावोगावच्या पंतोजींना ठाऊक होत्या. बेलनी १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडात तिला मद्रास पद्धत म्हणून नाव मिळालं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये साउथवर्कच्या बरो रोडवर जोसेफ लँकॅस्टरने गरीब मुलांची शाळा काढली आणि एक मास्तर शेकडो मुलांना शिकवू शकतो हे करून दाखवलं. बल्लारीच्या कॅम्पबेलसाहेबांना हे ठाऊक होतं. देशी शाळांची ही रीत इंग्लंडने उचलली आणि ती उचलण्याच्याच योग्यतेची होती, असं ते आपल्या अहवालात मोकळेपणाने सांगतात. बेल १८३२ साली वारले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना पुरलं. कधी पाहुण्यांना घेऊन तिथे गेलात तर न्यूटन-डार्विनबरोबर या गृहस्थांनाही नमस्कार करा. आपल्या धूळपाटीचा माणूस आहे.

गंमत पुढेच आहे. १८२०च्या दशकात मुंबईत एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाने मराठी शाळा आणि शालेय पुस्तकं यांचं काम सुरू झालं, तेव्हा नव्या शिक्षकांना शिकवली गेली ती लँकॅस्टरची पद्धत. म्हणजे आपलीच वाळू टेम्स नदीचं पाणी लागून परत आली. पण येताना एक बदल घेऊन आली. लँकॅस्टरच्या शाळेत शेकडो मुलं एका खोलीत, तेव्हा सगळं हुकमावर चालायचं. पाट्या दाखवा म्हटलं की दाखवायच्या, पुसा म्हटलं की पुसायच्या. तासाची सुरुवात म्हणजे हुकूम, तासाचा शेवट म्हणजे हुकूम. घंटा वाजली की मूल ज्या शब्दावर असेल तिथेच थांबायचं. तीनशे मुलांना एका मास्तरने सांभाळायचं तर दुसरा इलाज नव्हता हे मान्य. पण आज तीन मुलांचा वर्ग घेणारासुद्धा घड्याळाकडे बघून वाक्य अर्धवट तोडतो, ती सवय मला त्या कारखानी शाळेची वाटते.

सुरुवात आणि शेवट मुलाला आणखीही एक गोष्ट शिकवतात, आणि ती पाठ्यपुस्तकात कधीच नसते. साताऱ्याच्या शाळेत जाणाऱ्या एका लहान मुलाला बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणावं लागायचं, आणि कोपऱ्यात वेगळं बसावं लागायचं. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं, आणि सकाळी परत घेऊन यायचं. ते मूल म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. त्यांचा शाळेतला दिवस गोणपाट पसरण्याने सुरू व्हायचा आणि ते गुंडाळण्याने संपायचा. मधल्या वेळात मास्तरांनी गणित कितीही चांगलं शिकवलं असेल, त्या दोन कृतींनी त्यांना रोज दोनदा काय शिकवलं असेल त्याचा विचार करा. पुढे लंडनला शिकताना १९२१-२२ च्या सुमारास ते जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आता स्मारक आहे. आपल्या वर्गातल्या मुलांना तिथे नेतो, फोटो काढतो. हे गोणपाट त्यांना त्या घराच्या पायरीवरच सांगावं असं मला वाटतं.

आता थोडं जर्मनीत जाऊ. योहान फ्रीडरिश हेर्बार्ट, १७७६ ते १८४१. हे तत्त्वज्ञ, कोनिग्सबर्गला कांटच्या गादीवर बसलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नवीन गोष्ट रिकाम्या डोक्यात शिरत नाही, आधीपासून आत असलेल्या गोष्टीला जाऊन चिकटते. मग शिकवणाऱ्याचं पहिलं काम ती आतली गोष्ट वर आणणं. पुढे त्यांच्या अनुयायांनी, विशेषतः येना विद्यापीठातल्या विल्हेल्म राइन यांनी, याच्या पाच पायऱ्या बांधल्या: पूर्वतयारी, मांडणी, जोडणी, सार आणि उपयोग. इंग्लंडात हा विचार पसरवला जॉन ॲडम्स यांनी. १८९७ साली त्यांनी हेर्बार्टवर पुस्तक लिहिलं, आणि १९०२ पासून ते लंडनच्या नव्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजाचे प्रमुख झाले. ब्लूम्सबरीतलं आजचं इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ते हेच. ॲडम्सचा मुद्दा व्याकरणातला आहे आणि तो मराठीत फार चपखल बसतो. ‘शिकवणे’ हे द्विकर्मक क्रियापद. गुरुजी बंडूला भूगोल शिकवतात. भूगोल एक कर्म, बंडू दुसरं. तेव्हा गुरुजींना भूगोल येऊन भागत नाही, बंडूही यावा लागतो.

हे पाच टप्पे बोटीने आपल्याकडे गेले आणि अध्यापक विद्यालयांत स्थिरावले. श्रोत्यांत कुणी डी.एड., बी.एड. असतील तर ते आता हसत असतील, कारण त्या पाच टप्प्यांचं पुढे पाठ टाचण झालं. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. मी डी.एड.ला असताना अशी टाचणं रात्र-रात्र जागून, रेघा मारून लिहिली आहेत. आणि ती प्रस्तावना! गाईवरचा पाठ असेल तर थेट गाय म्हणायची चोरी. विद्यार्थ्यांच्या तोंडून काढायची. “मुलांनो, सकाळी तुम्ही काय पिता?” “चहा.” पंचाईत. “बरं, चहात काय घालतात?” “साखर.” “आणखी?” “आलं.” असं करत करत दुधापर्यंत पोहोचायचं, दुधावरून गोठ्यात, आणि मग विजयी मुद्रेने म्हणायचं, तर आज आपण ‘गाय’ या विषयाची माहिती करून घेणार आहोत. मुलांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक असायचं, कारण गाईचं चित्र टेबलामागे उलटं करून ठेवलेलं त्यांना दिसलेलं असायचं.

हेर्बार्टला हे बघून काय वाटलं असतं कोण जाणे. मुलाच्या डोक्यात काय आहे ते खरोखर शोधा, असा तो विचार. त्याचं झालं असं की शिक्षकाच्या डोक्यातला शब्द मुलाकडून ओळखून घ्यायचा. सुरुवात मुलाकडून झाल्याचा देखावा उरला. आणि टाचणाच्या शेवटी असलेल्या संकलन-उपयोजनाची कथा तर आणखी करुण. प्रस्तावनेची एवढी मशागत केल्यावर तिथे पोहोचेपर्यंत घंटा व्हायची. गृहपाठ फळ्याच्या कोपऱ्यात घाईघाईने, आणि मुलं दप्तर आवरता आवरता तो उतरवून घेणार. तरीही मला टाचणाबद्दल माया आहे. तुमचा तास कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा, ही सक्ती चांगली होती. हेतुकथन नावाचं ते एक वाक्य आज कितीतरी महागड्या ऑनलाइन शिकवण्यांत नसतं.

इथल्या जुन्या विद्यापीठांची रीत याच्या अगदी उलट. ऑक्सफर्डची ट्युटोरियल, म्हणजे आपल्या भाषेत एकट्या-दुकट्याची शिकवणी. तिची पारंपरिक सुरुवात अशी की विद्यार्थी आठवडाभर खपून लिहिलेला निबंध मोठ्याने वाचतो आणि ट्यूटर ऐकतो. एवढंच. पहिला आवाज विद्यार्थ्याचा. बेलियल कॉलेजचे बेंजामिन जोवेट, १८७० पासून तिथले मास्टर, त्यांच्या लांबलचक शांततेसाठी प्रसिद्ध होते. निबंध संपला तरी बोलायचे नाहीत, आणि मुलगा घामाघूम. ही पद्धत मूठभर सुखवस्तू तरुणांसाठी होती आणि तिचं फार कौतुक करायची गरज नाही. पण शिकवणाऱ्याने आधी ऐकून घ्यायचं आणि मग बोलायचं, हा क्रम पाचवीतल्या मुलालाही लागू पडतो. ते आलं की त्याची वही उघडा, गृहपाठातली चूक बघा, आणि त्या चुकीपासून सुरू करा. मग प्रस्तावनेसाठी गाय शोधावी लागत नाही.

पण गृहपाठ करून येणारं मूल, वेळेवर येणारं मूल, ही झाली चैन. मूल येतच नसेल तर? ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, बोर्डी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हाच प्रश्न पडला. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झालं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम करून आलेल्या, साधनं होती, तळमळ होती, आणि वस्तीवरची मुलं काही बालवाडीकडे फिरकत नव्हती. तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फलकांवर देशभर दिसतो, त्याचं मूळ या खटाटोपात आहे. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथेच वर्ग. आणि सुरुवात अक्षरांनी नाही. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं. पंतोजी तळहातावर छडी द्यायचे, इथे त्या तळहाताची नखं कापली जात होती. मघाशी ते तांदळावरचं पहिलं अक्षर लक्षात ठेवा म्हटलं ना, ते यासाठी. पंतोजीसुद्धा पहिल्या दिवशी मुलाच्या घरी जात. ताराबाई आणि अनुताई पहिल्याच दिवशी नाही, रोज गेल्या.

आता परवच्याकडे परत. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला, आणि मग तो न बघता तीन वेळा आठवेल ते कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चार वेळा वाचणारे पुढे, त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर घसरले होते, आणि आठवून लिहिणारे ६१ वर टिकून. चार वेळा वाचणाऱ्यांना आपल्याला सगळं आठवेल असा भरवसा मात्र जास्त होता. आठवडा हा आकडा ऐकलात? आपला वर्ग बरोबर आठवड्याने भरतो. तास संपताना मूल हसतमुख असतं, “कळलं का?” विचारलं की मान हलवतं, तेव्हा आपण ती पाच मिनिटांवाली परीक्षा घेत असतो. पुढच्या रविवारी ते कोरं का दिसतं, त्याचं उत्तर त्या ४०मध्ये आहे.

आजोबांना हे आकडे माहीत नव्हते. त्यांना दिवेलागणीला पुस्तक मिटायला लावायचं माहीत होतं.

मग प्रत्यक्षात काय करायचं? आमच्या वर्गात आम्ही काय करतो ते सांगते, त्यात नवं काही नाही. मुलं येऊ लागतात तेव्हा एक जण दाराशीच उभी राहते आणि प्रत्येकाला नावाने हाक मारून एक मराठी प्रश्न विचारते, उत्तर काहीही चालतं. हजेरी तिथेच होऊन जाते. बसल्यावर वह्या बंद. मागच्या आठवड्यातलं एक आणि महिन्याभरापूर्वीचं एक, असे दोन-तीन प्रश्न, तोंडी नाहीतर छोट्या पाटीवर. त्यात जे चुकतं ते बघून त्या दिवशीची सुरुवात ठरते, त्यामुळे शिकवणारीला घरून आणलेली तयारी कधीकधी पिशवीतच ठेवावी लागते. मग आज काय शिकायचं ते एका वाक्यात, मुलांना कळेल अशा भाषेत. ‘षष्ठी विभक्ती’ म्हणायचं नाही. “आज हे कुणाचं, ते कुणाचं, हे सांगता यायला हवं,” एवढं पुरे.

शेवटासाठी तास संपायच्या दहा मिनिटं आधी शिकवणं थांबवतो, कितीही रंगात आलेलं असलं तरी. सुरुवातीला नव्या स्वयंसेवकांना हे फार जड जातं. एकच गोष्ट राहिली हो, सांगून टाकते, असं म्हणतात. ती सांगून टाकलेली गोष्ट मुलांच्या दप्तरात जात नाही, हॉलच्या फरशीवर राहते. गृहपाठातलं पहिलं उदाहरण वर्गातच करून घेतो, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी मुलाला पहिल्या ओळीवर आई-बाबांना हाक मारावी लागत नाही. मूल अडलेलं असेल तर त्याच अडीवर त्याला घरी पाठवत नाही. एखादं सोपं, त्याला हमखास येणारं विचारून मग सोडतो. आणि शिकवणारी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवते: पुढच्या वेळी सुरुवात कुठून. पुढच्या रविवारी दुसरी बाई वर्गावर असली तरी तिला विचारत बसावं लागत नाही, “कुठे होतो आपण?”

उरलेल्या पाच मिनिटांचा परवचा. वही मिटून आज काय आलं ते मुलाने मोठ्या माणसाला सांगायचं. न्यायला आलेले आई-बाबा बाहेर गाडी चालू ठेवून बसायचे, त्यांना आता आत बोलावतो. काही जण फोन लावतात. हिवाळ्यात इथे दुपारी साडेबाराला वर्ग सुटतो तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, डिसेंबरातली ऐन दिवेलागण. त्या वेळी आजी घरीच असते. पलीकडून तिचा आवाज येतो, “हं, म्हण.”